दोऱ्याला कात्री, थरांना टाळ्या

शाळेच्या डायरीतील नियमांचे पान हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे आजवर पाठ फिरवली हा त्या पानावरचा अन्यायच म्हणावा लागेल. त्याची शैली पाहा. वाक्ये सगळी कर्मणी किंवा भावे. कर्ता कोठेच नाही. 'परिधान करू नये', 'आढळल्यास जप्त करण्यात येईल', 'पालकांना बोलावण्यात येईल'. कोणाला आढळल्यास, जप्त कोण करणार, बोलावणार कोण, हे गुलदस्त्यात. मग येते निषिद्ध वस्तूंची यादी : कडे, गंडा, दोरा, ताईत, साखळी, मेंदी, टिकली, टोपी. आणि या यादीच्या डोक्यावर किंवा पायाशी कारण दिलेले असते : 'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या व शिस्तीच्या दृष्टीने'.

आमचा सारा वाद या वाक्यातल्या 'व'शी आहे.

सुरक्षितता आणि शिस्त या दोन गोष्टी एका उभयान्वयी अव्ययाने जोडल्या की एकीची प्रतिष्ठा दुसरीला आपोआप मिळते. सुरक्षिततेला विरोध कोण करणार? मुलाच्या जिवापुढे आई-बापांच्या, साधुसंतांच्या, घटनेच्याही शब्दाला थांबावे लागते. शिस्तीचे तसे नाही. शिस्त कशाला म्हणायचे, ती कोणाच्या सोयीची, किती हवी, यावर वाद घालता येतो आणि घातला पाहिजे. म्हणून तर शिस्त एकटी येत नाही. ती सुरक्षेचा सदरा अंगात घालून येते. शब्दांच्या वापराकडे लक्ष देणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आम्हा भाषेच्या शिक्षकांनी तरी ही वेशांतरे ओळखायला हवीत.

आमच्यापैकी काही जण नेरूळ आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांत शिकवतात. सिडकोने आखलेल्या नवी मुंबईत नेरूळ हा विभाग असा आहे की तेथे नियमांच्या पानाची परीक्षा रोज होते. शिरवणे, कुकशेत, सारसोळे, करावे, दारावे ही मूळची आगरी-कोळी गावे. त्यांच्याभोवती सेक्टरांत राहायला आलेली घाटावरची, कोकणातली, केरळ-तमिळनाडूची, उत्तरेची, पंजाबची कुटुंबे. एका वर्गात कपाळावर भस्म असते, गळ्यात क्रूस असतो, मनगटावर कडे असते, आणि सत्यनारायणाच्या पूजेचा किंवा अजमेरच्या दर्ग्यातला लाल-पिवळा दोराही असतो. पाऊण तास व्याकरण शिकवताना यांतल्या एकाही वस्तूने कोणाला इजा केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पाट्यांच्या जमान्यापासून शाळेत इजा केली असेल तर ती पट्टीने, डस्टरने आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाने.

हा विनोद म्हणून सोडून देऊ नये. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २००६ रोजी दिलेल्या एका निकालात जवळपास हेच म्हटले आहे, आणि धर्मस्वातंत्र्य विरुद्ध शालेय सुरक्षा या वादात तो निकाल आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. मॉन्ट्रियलमधील एका सरकारी शाळेच्या आवारात २००१ च्या नोव्हेंबरात गुरबाज सिंग मुलतानी या बारा वर्षांच्या मुलाचे कृपाण कपड्यांतून निसटून खाली पडले. शिक्षण मंडळाने आरंभी समंजसपणे सुचवले की कृपाण कपड्यांच्या आत शिवून बंद ठेवावे. पालकांना ते मान्य होते. मग शाळेच्या कारभारी मंडळींना आपला शस्त्रबंदीचा नियम आठवला. कृपाणाच्या आकाराचे पदक, नाहीतर निरुपद्रवी पदार्थाची प्रतिकृती चालेल, पोलादी पाते चालणार नाही, असा हुकूम झाला. प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत गेले. २००२ मध्ये मुलाच्या बाजूने, २००४ मध्ये शाळेच्या बाजूने आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात पुन्हा मुलाच्या बाजूने निकाल लागला.

त्या निकालात श्रद्धेचा गौरव फारसा नाही; शिवणकाम पुष्कळ आहे. म्यान धातूचे नको, लाकडी हवे. ते जाड कापडात गुंडाळून शिवलेले असावे आणि खांद्यावरच्या पट्ट्याला टाचलेले असावे. ते कपड्यांच्या आत राहावे. शाळेच्या कर्मचाऱ्यांना माफक तपासणी करू द्यावी. ते हरवले तर तत्काळ कळवावे. एवढे झाल्यावर धोका किती उरतो, हा न्यायालयाचा प्रश्न होता. शंभर वर्षांत कॅनडाच्या शाळांत कृपाणाने हिंसा झाल्याची एकही घटना समोर आली नव्हती. आणि ज्या शाळेत कात्र्या, पेन्सिली, बेसबॉलच्या बॅटी मोकळ्या पडलेल्या असतात, तिने केवळ शिवून बंद केलेल्या पात्यावर संपूर्ण बंदी घालावी हे न्यायालयाला पटले नाही. शाळेत पूर्ण सुरक्षा कोठेच नसते, पुरेशी सुरक्षा असते. आणि तिचे माप सर्व वस्तूंना सारखे लावावे लागते.

यावर प्रतिपक्षाकडे एक खणखणीत उत्तर आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. २०२१ च्या मे महिन्यात सिडनीतील एका शाळेत चौदा वर्षांच्या मुलाने सोळा वर्षांच्या मुलावर कृपाणानेच वार केले. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने शाळांत कृपाण आणण्यास बंदी केली. पण पुढे काय झाले तेही पाहावे. शीख समाजाशी बोलणी झाली आणि त्याच वर्षी बंदी उठून तिच्या जागी अटी आल्या : लांबी बेताची, धार आणि टोक नाही, कपड्यांच्या आत आणि कापडी आवरणात. म्हणजे घडलेल्या अपघातानंतरही शेवटी शिवणकामाकडेच यावे लागले. शिखांनीही धारेचा आग्रह सोडला. दोन्ही बाजूंनी काही दिले तेव्हा नियम तयार झाला, आणि या नियमात 'शिस्त' हा शब्द आणण्याची कोणाला गरज पडली नाही.

आपल्याकडे कृपाणाचा उल्लेख थेट संविधानात आहे. पंचविसाव्या अनुच्छेदाच्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे व बाळगणे हे शीख धर्म प्रकट करण्यातच मोडते. त्याच अनुच्छेदाच्या आरंभी धर्मस्वातंत्र्याला घातलेल्या मर्यादाही सांगितल्या आहेत : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य, तसेच मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी. आरोग्य आहे, मुलाच्या जिवाची काळजी त्यात सहज बसते. शिस्त मात्र त्या यादीत नाही. कायद्याचे पंडित ती कोणत्यातरी दाराने आत आणतीलही. आम्ही एवढेच म्हणतो की घटनाकारांनी 'व' जपून वापरला होता.

आता नेरूळहून मुंबईच्या दिशेने जाणारी हार्बरची गाडी धरू. सहावे स्थानक चेंबूर, आठवे कुर्ला. दोन्हीकडच्या शिक्षणसंस्थांची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात गेली. कुर्ल्याच्या शाळेचे प्रकरण २००२ चे. एका विद्यार्थिनीला डोके झाकून वर्गात बसायचे होते; शाळा म्हणाली गणवेशात ते बसत नाही; न्यायालयाने कुराणातील आयती तपासून ठरवले की केवळ मुलींच्या वर्गात डोके न झाकल्याने धर्माज्ञेचा भंग होत नाही. (न्यायाधीशांवर मौलवीचे काम करण्याची पाळी यावी, हे आपल्याकडच्या 'अत्यावश्यक धर्माचार' या सिद्धान्ताचे फळ. कर्नाटकातही २०२२ मध्ये हीच वाट चोखाळली गेली आणि सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली.) चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने तर हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ला, स्टोल अशी भलीमोठी यादीच केली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन हिजाब, टोपी आणि बिल्ल्यापुरती ती बंदी स्थगित केली, चेहरा झाकणाऱ्या बुरख्याला वर्गात मोकळीक दिली नाही, आणि टिळा-टिकलीवरही तुम्ही बंदी घालणार का, असे महाविद्यालयाला विचारले.

या दोन्ही प्रकरणांत कोणाच्या जिवाला काही धोका होता काय? नव्हता, आणि न्यायालयात मुख्य भिस्तही शिस्तीवर, गणवेशावर, एकसारखेपणावर होती. हे निदान प्रामाणिक म्हणता येईल. शिस्तीचा दावा शिस्त म्हणून आला की त्याला शिस्तीच्या पातळीवर उत्तर देता येते. १९८६ मध्ये केरळमधील तीन मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने असेच उत्तर दिले होते : राष्ट्रगीत चालू असताना ती अदबीने उभी राहत, फक्त धर्मनिष्ठेपोटी गात नसत, त्यांना शाळेतून काढणे चूक ठरले. परंतु न्यायालयाबाहेर, वर्तमानपत्रांतल्या पत्रव्यवहारात आणि आमच्या शिक्षक-कक्षांतही, चेंबूरच्या मुलींची चर्चा कशी झाली ते आठवा. 'उद्या बुरख्यातून कोण काय घेऊन येईल', 'ओळख कशी पटवायची', 'परीक्षेत कॉपी'. ओळख पटवण्याची गरज खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय किती साधा असतो हे वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेने दाखवले आहे. पारंपरिक पोशाखातील उमेदवारांनी लवकर यावे, म्हणजे तपासणीला वेळ मिळेल, एवढाच तो नियम. कृपाण आणि कड्याच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये हीच सोय मान्य केली. नियम असूनही २०२२ च्या जुलैत वाशीमच्या केंद्रावर बुरखा आणि हिजाब काढायला लावल्याची तक्रार मुलींना करावी लागली. नियम कागदावर होता. दारावरच्या माणसाच्या डोक्यात मात्र 'सुरक्षा' होती.

दोऱ्याची गोष्ट याहून विलक्षण. रक्षा या शब्दाचा एक अर्थ संरक्षण, दुसरा त्यासाठी मनगटावर बांधलेला दोरा. राखी त्यातूनच आली. आई मुलाच्या दंडावर ताईत बांधते ती तिची सुरक्षाव्यवस्था असते. आम्हांला तिच्यावर विश्वास नसेल, पण ती बांधताना तिच्या मनात जे असते त्याला दुसरा शब्द नाही. शाळेच्या फाटकाशी हीच रक्षा सुरक्षेसाठी कात्रीने कापली जाते. २०२३ च्या ऑगस्टात राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळवले की सणासुदीला राखी, टिळा, मेंदी घालून आलेल्या मुलांना शाळांनी शिक्षा करू नये. कळवले ते उत्तमच केले. राखी तोडणाऱ्या मिशनरी शाळेचा निर्णय आम्हांलाही क्षुद्र वाटतो. पण राखीबद्दल हळवा होणारा आपला समाज हिजाबच्या वेळी एकाएकी गणवेशाचा भक्त होतो, आणि टिकली पुसणाऱ्या शाळेवर मोर्चा नेणाराच टोपी उतरवणाऱ्या शाळेचे अभिनंदन करतो. दोन्ही वेळी तो कारण एकच सांगतो : मुलांचे भले.

मुलांचे भले खरोखर पाहायचे तर चेंबूरपर्यंत जाण्याची गरज नाही. नेरूळहून दुसरेच स्थानक सानपाडा. २०१४ च्या ऑगस्टात तेथे दहीहंडीच्या सरावात थरावरून पडून चौदा वर्षांचा एक मुलगा गेला. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना थरांत घेऊ नये आणि वीस फुटांवर थर चढवू नयेत असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरता तो सैल केला, २०१६ मध्ये मात्र उंची व वय या दोन्ही अटी शिथिल करण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयापुढे आले. चौदा वर्षांखालील मुले घेणार नाही असे राज्य सरकारने सांगितले, आणि उंचीचा प्रश्न न्यायालयाने विधिमंडळावर सोपवला. अठराचे चौदा झाले. चौदा पूर्ण झालेला मुलगा म्हणजे नववीचा विद्यार्थी. सानपाड्याच्या त्या मुलाला हा नियम वाचवू शकला नसता.

याच काळात सरकारने दहीहंडीला साहसी खेळ ठरवले, एकदा २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये. दुसऱ्या वेळी गोविंदाच्या मृत्यूला दहा लाखांचे साहाय्यही जाहीर केले. परंपरा म्हणून सूट मागायची आणि खेळ म्हणून भरपाई द्यायची, असा हा दुहेरी व्यवहार आहे. २०२५ च्या ऑगस्टात ठाण्यात दहा थर लागले आणि वाहिन्यांवर जल्लोष झाला. त्याच्या काही दिवस आधी दहिसरला सरावात पडून अकरा वर्षांचा मुलगा मरण पावला होता. तेथे चौदाची अटही पाळली गेली नव्हती.

आम्ही थरांचे शत्रू नाही. आगरी-कोळी गावांतली गोविंदा पथके आम्ही पाहतो. खालच्या थरातल्या माणसाच्या खांद्यावर किती जणांचा भरवसा उभा असतो हे शब्दांत सांगणे अवघड आहे. मोठ्यांनी दहा काय, अकरा थर लावावेत. प्रश्न सर्वांत वरच्याचा आहे. तो वजनाला हलका हवा म्हणून लहान असतो, आणि लहान आहे म्हणून त्याच्या संमतीला अर्थ नसतो. सकाळी ज्याच्या मनगटावरचा दोरा 'सुरक्षिततेच्या दृष्टीने' कापला जातो, तोच विद्यार्थी त्या रात्री तीन मजल्यांच्या उंचीवर उभा असतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेला त्याचे कौतुक होते. डायरीच्या पानावर मेंदीला जागा आहे. थरांसाठी एक ओळही नाही. एखादा मुख्याध्यापक म्हणेल, 'ते शाळेबाहेरचे.' शाळेबाहेर शिकवण्या कोठे लावाव्यात, मोबाईल किती वेळ पाहावा, सुट्टीत कोणते पुस्तक वाचावे, हे सारे सांगणारी डायरी येथेच नेमकी फाटकाशी थांबते.

तेव्हा आमचे माप साधे आहे. धोका कोणाला, तो कोठे घडलेला दिसतो, आणि वस्तू काढून टाकण्यापेक्षा सौम्य उपाय आहे का, हे विचारावे. आणि हेच प्रश्न आपल्या घरच्या सणालाही विचारावेत. यात श्रद्धेला मोकळे रान नाही. प्रयोगशाळेत बर्नरजवळ ओढणी सुटी ठेवता येणार नाही, मग ती कोणत्याही धर्माची असो. ती बांधावी किंवा खोचावी. आयटीआयच्या लेथवर हातात कडे चालणार नाही. २०१६ मध्ये हैदराबादेत ६८ दिवसांच्या उपवासानंतर तेरा वर्षांची एक शाळकरी जैन मुलगी मरण पावली. तपश्चर्या म्हणून तिची मिरवणूक निघाली. येथे एक शब्दही न बोलता गैरहजेरी मांडत राहणारी शाळा धर्मस्वातंत्र्याचा आदर करत नसते, ती आपली मान वळवून घेत असते. धर्म मोठ्यांना स्वतःचा जीव पणाला लावू देईल. मुलाचा जीव त्यांच्या स्वाधीन करता येत नाही.

हेल्मेटचेच पाहा. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने पगडी बांधलेल्या शिखाला हेल्मेटमधून सूट दिली आहे. चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट बंधनकारक करणाऱ्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही सूट लहान मुलालाही लागू असावी का, यावर आमच्यातच एकमत नाही. आम्हांपैकी काहींना ती खुपते. पण शाळा सुटण्याच्या वेळी नेरूळच्या कोणत्याही फाटकासमोर उभे राहावे. स्कूटरवर आईबापांच्या मध्ये चेपून बसलेली, बोडक्या डोक्याने पाम बीचच्या दिशेने निघालेली ती डझनावारी मुले शीख नसतात. त्यांना कोणत्या धर्माने सूट दिली?

आणि ज्या गोष्टींनी मुले खरोखर मेली किंवा मोडली, त्या पाहा. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत आगीत ९४ मुले जळाली. कारण छप्पर गवती होते आणि बाहेर पडायला वाट नव्हती. त्यानंतर पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल आदेश दिले. २०२४ च्या ऑगस्टात बदलापूरचे प्रकरण उघडकीला आले तेव्हा धोका शाळेच्या आवारात, नोकरीवर, पगार घेत वावरत होता, आणि सरकारला कॅमेऱ्यांची आठवण झाली ती त्यानंतर. जिन्यावर रचलेली जुनी बाके, कुलूप लावलेले मागचे दार, मुदत संपलेले अग्निशामक नळकांडे यांच्याविषयी डायरीत नियम नसतो, कारण तो नियम मुलांसाठी नसून संस्थेसाठी असेल, आणि त्यात कर्ता लिहावा लागेल.

मुलतानी खटल्याचा निकाल लागला तेव्हा तो मुलगा त्या शाळेत नव्हता. तो केव्हाच खासगी शाळेत गेला होता. चेंबूरच्या विद्यार्थिनींना स्थगिती मिळाली तोवर नवे शैक्षणिक वर्ष सुरू झालेले होते. न्यायालयांच्या आणि शाळांच्या दिनदर्शिका अशा जुळत नाहीत. डायऱ्या मात्र जून उजाडायच्या आत छापून येतात, मुद्रिते तपासायला ती बहुधा मराठीच्या नाहीतर इंग्रजीच्या शिक्षकाकडेच येतात, आणि त्या मुद्रितांवरचा एक 'व' खोडायला लाल पेन पुरते.